टोकन नंबर ९९६

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा, म्हणून पाठक वहिनी तीन वर्षांपासून माझ्या मागे लागून राहिल्या होत्या. "तुमची तर सगळी जिंदगी कंप्युटरमध्ये गेली, किस्से काय कमी असतील?" किस्से कमी नाहीत हो. पण त्यातला एक असा आहे की तो गाळून बाकीचे सांगणं म्हणजे शुद्ध लबाडी झाली असती. आणि तो सांगायचा, तर छापून येण्याआधी घरातल्या एका माणसाला तोंडानं सांगणं भाग होतं. ते माझ्याच्यानं बावीस वर्षं झालं नाही. या भाद्रपदात एकदाचं झालं, म्हणून आता लिहायला बसले आहे.

आधी धंदा काय असतो ते सांगते. प्रोग्रामर म्हटलं की गल्लीतले लोक मोबाईल घेऊन येतात. "दीदी, ज़रा देखो ना, चार्ज नहीं हो रहा." मी कपाळावर हात मारून घेते. आमचं काम यंत्र दुरुस्त करायचं नाही, यंत्राला सांगून ठेवायचं आहे. काय करायचं, कोणत्या क्रमानं करायचं, असं झालं तर काय आणि तसं झालं तर काय. घरात कोणाला "चहा टाक" म्हटलं की तो आपणहून पातेलं शोधतो. यंत्राला पातेलं सांगावं लागतं, पाणी सांगावं लागतं, गॅस पेटव म्हणून सांगावं लागतं. आणि उतू जायच्या आधी बंद कर, हे सांगायला विसरलात तर ते अगदी शांतपणे चहा उतू जाऊ देतं. तक्रार करत नाही, हाक मारत नाही. विसरलो आपण, आणि ओटा पुसायचाही आपणच.

मी हे काम आयुष्यभर जबलपुरातच केलं. बरोबरच्या मुली पुण्याला गेल्या, बंगळुरूला गेल्या, दोघी तर अमेरिकेत आजी होऊन बसल्या आहेत. मी शहरातल्या एका लहानशा कंपनीत लागले. कंपनी म्हणजे मालक, आम्ही चौघं आणि एक पाण्याचा माठ. त्या कंपनीला एका फॅक्टरीच्या ऑफिसचं काम मिळालं. जबलपुरात फॅक्टऱ्या कमी नाहीत. कोणती ते मी सांगणार नाही आणि तुम्हीही विचारू नका, कारण चूक फॅक्टरीची नव्हती, माझी होती. माझे बाबा त्याच फॅक्टरीत लेथवर होते. मी मात्र फॅक्टरीची नोकर नव्हते, बाहेरून आलेली होते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

ऑफिसच्या इमारतीत आम्हाला कंप्युटरसाठी एक खोली दिलेली होती. जबलपूरच्या मे महिन्यात सबंध इमारतीत थंड अशी तेवढी एकच जागा. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायच्या. मोठमोठे साहेब दारात वाकून बुटांच्या लेस सोडायचे, तेव्हा मला फार मजा वाटायची. मी चोवीस वर्षांची, घमापुरातल्या दोन खोल्यांमधून आलेली पोरगी, आणि माझ्या दारात साहेब लेस सोडून राहिले! प्रिंटर चालू झाला की त्याचा आवाज जिन्यापर्यंत जायचा. कडेला भोकं असलेला तो रुंद कागद घडीवर घडी पडत खाली यायचा. वाया गेलेले कागद लोक पोरांसाठी मागून न्यायचे, आणि इस्टेटमधली, म्हणजे फॅक्टरीच्या वसाहतीतली, अर्धी पोरं स्टोअरच्या यादीच्या पाठीवर पाढे लिहायची. ती खोली आज नाही. तिथं आता कपाटं आहेत म्हणे. मला अजून कधी कधी दुपारी झोपेत तो प्रिंटर ऐकू येतो, आणि जाग आली की उगीच वाईट वाटत राहतं.

पहिलं मोठं काम स्टोअरचं होतं. तिथले स्टोअरकीपर तिवारीजी, पान खाऊन बोलणारे, पण माणूस सोन्यासारखा. त्यांच्या रजिस्टरात बोल्ट वेगळे लिहिलेले आणि काबले वेगळे. मला तर दोन्ही एकच वाटले.

"मैडम, कैसी बात करती हैं! काबला अलग चीज़ है, बोल्ट अलग."

"फ़र्क़ क्या है, तिवारीजी?"

"काबला बड़ा होता है."

"कितना बड़ा?"

"अब ये तो देखते ही समझ में आ जाता है."

आता यंत्राला डोळे कुठून आणू? मी चार दिवस स्टोअरमध्ये स्टुलावर बसून राहिले. तिवारीजी माल घ्यायचे, बघायचे, आणि बोलायचे, "काबला. बोल्ट. बोल्ट. काबला." मी फूटपट्टी घेऊन मोजायची. शेवटी कोडं सुटलं. जो त्यांच्या मुठीत मावत नव्हता तो काबला. मग मी त्यांची मूठ मोजली, तेवढी लांबी प्रोग्राममध्ये घातली आणि बाजूला टीप लिहून ठेवली, 'ही तिवारीजींची मूठ आहे, बदलू नये'. आम्ही प्रोग्रामर अशा टिपा लिहितो. यंत्र त्या वाचत नाही. आपल्यानंतर जो कोणी त्या जागेवर बसेल, त्याच्यासाठी त्या असतात. तिवारीजींना मी हे सांगितलं तेव्हा ते आपल्या मुठीकडे बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी खोव्याची जलेबी घेऊन आले.

तर असं आमचं काम. ऐंशी टक्के ऐकणं आणि वीस टक्के लिहिणं. जिथं मी ऐकलं, तिथं माझं चुकलं नाही. जिथं कान झाकून घेतले, तिथंच चुकलं.

आता क्वार्टरची गोष्ट.

फॅक्टरीची इस्टेट होती. झाडांच्या रांगा, विटांचे बैठे क्वार्टर, प्रत्येकाला पुढे थोडं अंगण, आणि घरात नळ. आम्ही राहायचो घमापुरात, भाड्याच्या दोन खोल्या, वरच्या मजल्यावर. खाली सगळ्यांचा मिळून एक नळ आणि वर यायला बावीस पायऱ्यांचा दगडी जिना, इतका अरुंद की समोरून कोणी आलं तर एकानं भिंतीला चिकटायचं. आई रोज सकाळी दोन-दोन बादल्या घेऊन तो चढायची. गुडघे तिचे चाळिशीतच बोलायला लागले होते. मी बादली घ्यायला गेले की म्हणायची, "तू अभ्यास कर. क्वार्टर मिळालं की मले पाणी भराच लागणार नाही."

क्वार्टर मिळालं की. आमच्या घरातली अर्धी वाक्यं अशीच सुरू व्हायची. क्वार्टर मिळालं की दारात कढीपत्ता लावायचा. क्वार्टर मिळालं की मावशीला उन्हाळ्यात महिनाभर बोलवायचं. बुद्धपौर्णिमेला आम्ही इस्टेटमधल्या विहारात जायचो, तेव्हा येताना आई मुद्दाम वाट वाकडी करून एका कोपऱ्यावरच्या क्वार्टरपुढून जायची. तिथं पेरूचं झाड होतं. फाटकाशी ती जरा रेंगाळायची. बाबा पुढे निघून गेलेले असायचे, ते मागे वळून म्हणायचे, "ऐकून राहिली का? चल लवकर, बस जाईल." बाबांनी आईला नावानं कधीच हाक मारली नाही. "ऐकून राहिली का" हेच तिचं नाव.

क्वार्टर कोणाला द्यायचे, त्याची यादी एका रजिस्टरात होती. तिच्यात इतकी खाडाखोड की कोणाचा कोणावर विश्वास राहिला नव्हता. लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा साहेबांनी ठरवलं की आता यादी कंप्युटर काढेल. कंप्युटर ना कोणाचा भाऊ ना कोणाचा मेहुणा. ते काम माझ्याकडे आलं.

नियम सोपा होता. जो आधी नोकरीला लागला तो आधी. एकाच दिवशी लागलेले असतील तर ज्याचा टोकन नंबर लहान तो आधी. टोकन म्हणजे पितळेचा बिल्ला. कामगार गेटवर तो टांगतात आणि आत जातात. बाबांच्या भरतीच्या आधीच्या लोकांना क्वार्टर मिळून गेले होते. त्यामुळे आता पाळी बाबांच्या भरतीची होती. त्या एका दिवशी एकोणीस माणसं लागली होती, टोकन ९९६ पासून १०१४ पर्यंत. ९९६ बाबांचं. लहानपणी मी त्या बिल्ल्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि तो आकडा कागदावर उमटवायची. ९९७ पटेल काकांचं, बाबांचे जिगरी दोस्त. शहपुऱ्याकडे त्यांचं गाव. तिथून ते रोज बसनं यायचे. त्यांनी अर्जच केला नव्हता. "क्वार्टर में हमारी भैंस कहाँ बँधेगी?" म्हणायचे. ९९८, ९९९ आणि १००० वाल्यांची स्वतःची घरं होती. अर्ज आले बारा. बाबांचा एक, आणि बाकी अकरा सगळे १००१ पासून पुढचे.

तुम्हाला कळलं असेल की नियमानं बाबा पहिले. मला कळलं नाही, कारण मी बघितलंच नाही.

मी प्रोग्राम लिहिला. तपासायची वेळ आली, तेव्हा नेमाप्रमाणे थोडी नावं घेऊन यंत्राचं उत्तर हातानं ताडून बघायचं असतं. मी जुन्या भरतीतली दहा नावं घेतली. बाबांच्या भरतीचं पान मी उलटं करून ठेवलं. उलटं! लोक काय म्हणतील, या धाकानं. घरात बाबा नेहमी सांगायचे, "आपल्या माणसाकडे लोक आधी बोट दाखवतात, म्हणून आपण दुप्पट सरळ चालाचं." मी इतकी सरळ चालले की बापाच्या नावाकडे डोळा वर करून पाहिलं नाही. तेव्हा मला याचा अभिमान वाटला होता. वाटलं, बघा, अशी असावी मुलगी.

यादी नोटीस बोर्डावर लागली. दोन क्वार्टर मोकळे होते. पहिलं नाव टोकन १००१ चं, विश्वकर्मांचं. त्यांना मिळालं ते नेमकं कोपऱ्यावरचं, पेरूवालं. बाबांचं नाव बाराव्या जागी, सगळ्यात शेवटी.

त्या दिवशी बाबा घरी आले, हातपाय धुतले आणि आईला म्हणाले, "ऐकून राहिली का? नंबर बारावा आहे." आई आत जाऊन पोळ्या लाटत बसली. मी तिथंच होते. बाबांनी मला काही विचारलं नाही. मीही म्हटलं, नियमानं असेल तसं असेल, मी काहून त्यात पडू? त्या दिवसापासून आमच्या घरात यादीबद्दल मी आणि बाबा एक शब्द बोललो नाही. आईच तेवढी हिशेब ठेवायची. बारा. मग दहा. नऊ. सात. वर्षाला एखाद-दुसरा क्वार्टर सुटायचा.

मधे मला पगार वाढून मिळाला, तेव्हा मी आईला म्हटलं, "आपण खालच्या मजल्यावर दुसरं घर बघू. नळ असलेलं." तर ती म्हणाली, "आता सहावा नंबर आहे. दोन-तीन वर्षांत आपली पाळी येते. काहून सामान दोनदा हलवाचं?" वाट बघण्याची ही खोड फार वाईट. नंबर जवळ येऊन राहिला म्हणून माणूस जागचं हलत नाही. मी बाहेरून आलेली, मला फॅक्टरीचं क्वार्टर मिळणार नव्हतं. नाहीतर मीच घेतलं असतं.

माझं लग्न झालं, मी सासरी गेले. यादी लागल्यापासून सात वर्षांनी बाबा रिटायर झाले. तेव्हा त्यांचा नंबर तिसरा होता. बाबांनी ९९६ चा बिल्ला गेटवर जमा केला आणि घमापुरात परत आले. आईचे गुडघे तोवर पार गेले होते. खाली उतरणंच बंद झालं होतं तिचं. बाजार तिनं शेवटची दोन वर्षं खिडकीतून पाहिला. ती गेली, तेव्हा तिला खाली आणताना चौघांना त्या जिन्यावर वळता येईना. एकेक पायरी थांबत, भिंतीला खांदे घासत तिला उतरवलं. बाबा खाली उभे राहून सांगत होते, "सावकाश. सावकाश घ्या."

त्यानंतर तीन वर्षांनी जुनी यंत्रं काढून नवी आली आणि मला सगळे प्रोग्राम नव्यानं लिहायचे होते. आमच्या धंद्यात एक रीत आहे. नवा प्रोग्राम लिहिला की लगेच जुना फेकायचा नाही. काही दिवस दोन्ही बरोबर चालवायचे, दोन्हींचे कागद शेजारी ठेवायचे आणि लाल पेन्सिल घेऊन ओळीला ओळ लावायची. जुळलं की टिक. फरक निघाला की नव्यात चूक, असं धरून चालायचं. कारण जुनं वर्षानुवर्षं चाललेलं असतं, त्यावर सगळ्यांचा भरवसा असतो.

क्वार्टरच्या प्रोग्रामसाठी नमुना म्हणून मी तेव्हा तपासलेली जुन्या भरतीतली दहा नावं आणि ती जुनी पहिली यादीच घेतली. टिक, टिक, टिक करत गेले, आणि बाबांच्या भरतीशी येऊन पेन्सिल थांबली. नव्या कागदावर पहिलं नाव बाबांचं होतं. मी म्हटलं, नव्यात कुठंतरी चुकलं. दोन दिवस मी नव्या प्रोग्राममध्ये चूक शोधली. पुन्हा पुन्हा वाचला. चूक सापडेना. तिसऱ्या दिवशी जुना उघडला, आणि सापडली.

काही टोकनांच्या पुढे अक्षर असायचं, ४१२-अ असं. म्हणून दहा-बारा वर्षांपूर्वीच्या त्या शहाण्या मुलीनं टोकन नंबर आकडा म्हणून ठेवलाच नव्हता, शब्द म्हणून ठेवला होता. आणि शब्द यंत्र शब्दकोशासारखे लावतं. आधी पहिलं अक्षर बघतं. १००१ चं पहिलं अक्षर एक, ९९६ चं पहिलं अक्षर नऊ. एक आधी, नऊ नंतर. झालं. हजाराच्या पुढचे सगळे वर गेले आणि बाबा खाली गेले. जुन्या भरत्यांमध्ये सगळेच तीन आकडी, तिथं ही चूक दिसायची शक्यताच नव्हती. दिसली असती ती फक्त त्या एका पानावर, जे मी उलटं करून ठेवलं होतं.

मी उठून बाहेर आले आणि चपला न घालताच जिन्यावर जाऊन बसले. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावंच लागलं असतं, हे मी स्वतःला सांगून पाहिलं. सातच वर्षं मिळाली असती. पण ती सात वर्षं कोणती? रोज दोन-दोन बादल्यांची. तिच्या गुडघ्यांची.

त्या बाराही जणांपैकी कोणी तेव्हा नोकरीत उरलं नव्हतं. सांगून कोणाचं काही सुधारणार नव्हतं, आणि न सांगून कोणाला काही कळणार नव्हतं. मी नव्या प्रोग्राममध्ये टीप लिहिली, 'टोकन आकडा म्हणूनच ठेवावा. शब्द करू नये. कारण विचारू नये.' ते दोन्ही कागद घडी करून घरी आणले आणि कपाटात साड्यांखाली ठेवले. पुढे बाबा माझ्याकडेच राहायला आले. त्यांना खालची खोली दिली, नळ दारातच. दारात कढीपत्ताही लावला. त्याची पानं तोडताना बाबा दिसले की मी मान खाली घालून आत निघून जायची. अशी बावीस वर्षं.

या भाद्रपदात एका दुपारी बाबा व्हरांड्यात लसूण सोलत बसले होते. सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत, पण नखं अजून लेथवाल्याची, सालाचा कपटा राहू देत नाहीत. मी ते दोन्ही कागद घेऊन त्यांच्या पुढे जमिनीवर बसले आणि सांगितलं. सगळं. पान उलटं केल्यापासून. शब्दकोशाचं उदाहरण द्यायला लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"समजलं. एक पहिले, मंग नऊ."

"हो, बाबा."

त्यांनी लसूण परातीत ठेवला. "म्हणजे तू ते मुद्दाम नोतं केलं?"

"मुद्दाम? मी काहून मुद्दाम करू, बाबा?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूहळू बोलले. नियम तर त्यांना ठाऊक होता. आपण पहिले आहोत हे त्यांना बोर्डासमोर उभं राहताच कळलं होतं. पटेल काकांनी तर तिथंच टोमणा मारला, "वाह भैया, बिटिया ने बाप को ही पीछे धर दिया!" बाबांनी त्यांना गप्प केलं. "मले वाटलं, तूनं जाणूनबुजून मले शेवटी ठेवलं. लोकांनी म्हणू नये, की पोरीनं बापाले क्वार्टर देल्लं. म्हणून मी कोणाले बोललो नाही. साहेबाकडे जाऊन एक अर्ज केला असता तर झालं असतं. पण मंग तुझी इमानदारी कुठं राहिली असती?"

त्यांनी जुना कागद उचलला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"तुझी आई पहिल्या दिवशी रडली. मंग मी तिले समजावलं. त्याच्यानंतर कधी नाही रडली. सगळ्या घमापुरात सांगत फिरे, माह्या पोरीनं बापाचंही नाव पुढं नाही घेतलं. बादली घेऊन चढता चढता मधे बसे, आणि म्हणे, जाऊ द्या, पोरीचं नाव तर राहिलं."

मी तिथंच जमिनीवर बसून रडले, अगदी ओक्साबोक्शी, या वयात. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. एक चापट मारली असती तरी चाललं असतं. मी विसरले होते, आणि ते दोघं त्या विसरण्याला माझा मोठेपणा समजून बावीस पायऱ्या चढत राहिले. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. परत लसूण सोलायला घेतला.

थोड्या वेळानं म्हणाले, "नव्या कागदावर मी कितवा आहे?"

"पहिला."

"विश्वकर्माच्या आधी?"

"हो."

"म्हणजे पेरूवालं?"

"हो, बाबा. पेरूवालं."

दोन दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. जेवायचे, पेपर वाचायचे, खोलीत जायचे. मला वाटलं, हे आता असंच राहणार, आणि राहिलं तरी माझी तक्रार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घालून, काठी घेऊन दारात उभे. "मले इस्टेटमध्ये घेऊन चल."

ऑटो केला. वाटेत खमरियाच्या बसमागे अडकलो, तर बाबा चालकाला म्हणाले, "आराम से भैया, अब कोई जल्दी नहीं." इस्टेटमध्ये आता निम्मे क्वार्टर रिकामे आहेत. ज्यांच्यासाठी माणसं आयुष्यभर नंबर मोजत राहिली, ते आता कोणालाच नको आहेत. कोपऱ्यावरच्या क्वार्टरला कुलूप होतं. खिडकीची एक काच फुटलेली, अंगणात गुडघाभर गवत. पेरू मात्र होता, जुना, एका अंगाला कललेला, आणि त्याला फळं लागली होती. पोपट खाऊन राहिले होते.

बाबा ऑटोतून उतरले, काठी टेकत फाटकापाशी गेले. मी मागेच थांबले. त्यांनी फाटकाच्या गंजलेल्या दांड्यावर हात ठेवला, आत पाहिलं, नळाकडे पाहिलं, पेरूकडे पाहिलं.

"ऐकून राहिली का?" ते म्हणाले.

मी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की मला ते अशी हाक कधीच मारत नाहीत.

"आपला नंबर पहिला होता."